मंडईला येत नाही, त्याचं कारण

माय, बाबा,

सेवा जोहार.

फोनवर माझं बोलणं होत नाही. आपल्याकडं टॉवर मधूनच जातो, आणि बाबा फोन कानाला लावून नुसते 'हं, हं' करतात. म्हणून लिहितोय. सुमन सुटीत घरी आलेली आहे, तिच्याकडून वाचून घ्या. सुमन बेटा, मोठ्यानं वाच आणि आजोबांच्या उजव्या हाताला बस, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं. मधलं काही गाळू नको.

माय, तुझा निरोप मिळाला. नक्षल दलातले मोठेमोठे बाहेर आले, आता तुला भीती कोणाची, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला ये आणि आता घरीच राहा, असं तू म्हणालीस. बातमी मीही पाहिली. १५ ऑक्टोबरला नक्षल्यांचे मोठे नेते भूपती साठ जणांना घेऊन गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढं आले, हत्यारं ठेवली. त्याआधी जानेवारीच्या पहिल्या तारखेला त्यांच्याच दलातल्या तारक्का आल्या होत्या. गॅरेजात सगळे मोबाईलवर तेच पाहत होते. पुढं कोण उभं आहे याकडं माझं लक्षच नव्हतं. मी व्हिडिओ थांबवून थांबवून मागच्यांचे चेहरे पाहत होतो, यातला कोण किती वर्षांचा असताना गेला असेल म्हणून.

तर मंडईला मी येत नाही. गावी राहायलाही येणार नाही, हे आता पक्कं ठरलंय. धानोरा रोडवर गाळा भाड्यानं घेतला, अनामत भरली, शटरला रंगही दिला. माय, लगेच पदर डोळ्याला लावू नको, पूर्ण ऐक. माझा धंदा गावात चालायचा नाही. आपल्याकडं गाड्या किती? गुरुजींची, सरपंचाची आणि पोरांच्या दोनचार. इथं सकाळी शटर उघडायच्या आधी कोणीतरी बंद गाडी ढकलत आणून उभा असतो. मेस्त्रींनी मला पोरासारखं शिकवलं, आता तेच म्हणतात की स्वतःचं टाक. गाळा त्यांच्या ओळखीनं मिळाला. तुझ्या सुनेचं शिवणयंत्रही त्याच गाळ्यात एका बाजूला बसतं. घरी परत आलो तर तिचंही काम मोडेल. हे सगळं नीट विचार करून ठरवलंय, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

खोलीची काळजी करू नका. स्लॅबची आहे, गळत नाही. मच्छरदाणी आहे आणि मी ती रोज लावतो. तुझ्या हातचे तांदूळ अजून अर्धी गोणी आहेत. लाखोळीची डाळ तिलाही आता तुझ्यासारखी जमते, फक्त लसूण कमी घालते. वास्ते, बांबूचे कोंब, बाजारात मिळतात, पण ते आंबट होईस्तोवर कोणी ठेवत नाही, घाईनं विकतात. ते तेवढं तू पाठव.

माय, तुला आठवतं, मोहफुलं वेचायला तू अंधारातच उठायचीस आणि मला घोंगडीसकट उचलून झाडाखाली नेऊन टाकायचीस? मी झोपेतच असायचो. फूल गालावर पडलं की जाग यायची, मी ते तोंडात टाकायचो आणि पुन्हा झोपायचो. टोपली तू आणि ताई भरायच्या, आणि घरी आल्यावर बाबांना सांगायचीस की आज बाबूनं सगळी वेचली. आत, जंगलात दलात असताना भूक लागली की मला भात आठवायचा नाही, ते मोहफूल आठवायचं.

बाबा, आता तुमच्यासाठी लिहितो. सुमन, सावकाश वाच.

त्या रात्री दलाचे लोक अंगणात बसले होते तेव्हा ताई कुठं होती हे तुम्हाला, मायला आणि मला ठाऊक आहे. तुम्ही हात जोडून उभे होता. घरटी एक पोर द्या म्हणाले, आणि मी पुढं होऊन म्हणालो, मी येतो. तुम्ही मला मागं ओढलं नाही. वीस वर्षं झाली या गोष्टीला, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत पाहून बोलत नाही. बाजारात भेटलो तरी माझ्या खांद्याकडं पाहून बोलता. माय सांगते, रात्री उठून अंगणात बसता.

बाबा, तुम्ही मला दिलं नाही. समोर बंदुका घेतलेली सात-आठ माणसं बसलेली असताना बाप काय करणार होता? ओढलं असतं तर तुम्हाला मारलं असतं आणि मला नेलं असतंच, शिवाय ताईलाही शोधलं असतं. मी हा हिशोब आत असताना संत्रीच्या, म्हणजे पहाऱ्याच्या, ड्यूटीवर कितीदा केला, दरवेळी उत्तर तेच आलं.

आणि मी 'येतो' म्हणालो म्हणून माझाही दोष नाही, हे मला फार उशिरा उमगलं. मी बारा वर्षांचा होतो. त्यांची गाणी मला पाठ होती, ढोल वाजला की मी नाचायचो, निरोप पोचवले की ते गुळाचा खडा द्यायचे. बालसंघटन, म्हणजे त्यांचा पोरांचा गट, मला खेळच वाटायचा. इथल्या सरकारी दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या ताई आहेत, त्यांनी मला एक दिवस विचारलं, आज तुमच्या भाचीनं 'मी जाते' म्हटलं तर तुम्ही तिला जाऊ द्याल का, ती म्हणाली म्हणून? सुमन, तू आता तेरा वर्षांची आहेस. मला त्या दिवशी तू डोळ्यांपुढं दिसलीस आणि मी तिथंच टेबलावर डोकं ठेवलं.

त्या ताईंनी मला कायदाही सांगितला, तो बाबांनी ऐकावा म्हणून लिहितो. जगभरच्या देशांनी एक करार केलाय, त्यात लिहिलंय की सरकारी फौजेबाहेरच्या कोणत्याही हत्यारी गटानं १८ वर्षांखालच्या पोराला घ्यायचं नाही, लढाईत वापरायचं नाही. पोर 'हो' म्हणालं तरी नाही. आपल्या देशानं तो करार २००५ मध्ये मान्य केला, म्हणजे ज्या वर्षी मला नेलं त्याच वर्षी. पुढं २०१५ चा बाल न्याय कायदा आला, त्याच्या ८३ व्या कलमात अशा गटात पोरं घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. शिक्षा नेणाऱ्याला आहे, बाबा. बापाला नाही, पोराला नाही. मी ते कलम छापून घेतलंय, तुम्ही आलात की दाखवतो.

आत काय काय झालं ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही आणि सगळं सांगणारही नाही. २००९ मध्ये मर्केगाव, हत्तीगोटा, लाहेरी इथल्या हल्ल्यांत एका वर्षात एवढी माणसं गेली. तेव्हा मी कुठं होतो हे ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालंय. ते तुमच्या उशाला नको. एवढं ऐका की पहिली दोन वर्षं मी लढणारा नव्हतोच. दादा लोकांचा पिट्टू, पाठीवरची पिशवी, वाहायचा, लाकडं आणायची, भात रांधायचा, प्लास्टिकची झिल्ली अंथरायची. नाव बदललं होतं. रात्री खोकला आला तर तोंडात दुपट्ट्याचा बोळा धरायचा. मलेरियानं अंग तापलं तरी चालायचं. आणि झोपताना बूट काढायचे नाहीत, केव्हा पळावं लागेल सांगता येत नाही म्हणून. पावसाळ्यात बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलून निघायची.

२०१३ मध्ये बाहेर आलो तरी हे बूट सुटले नाहीत. आधी पलंगावर झोपच यायची नाही. खाली झोपायचो, बुटासकट, भिंतीला पाठ लावून. लग्न झाल्यावर ती काही बोलली नाही. रोज रात्री माझ्या नाड्या थोड्या सैल करून ठेवायची, मला न उठवता. मग एकदा एक बूट काढला, तो उशाशी ठेवला. असं करत करत एका उन्हाळ्यात दोन्ही बूट दाराबाहेर गेले. सकाळी उठून मी अनवाणी नळावर गेलो तेव्हा शेजारच्यांना काही नवल वाटलं नसेल, आम्ही दोघं मात्र एकमेकांकडं पाहत राहिलो. औषधाच्या गोळ्या दोन वर्षं घेतल्या, आता डॉक्टरांनी बंद केल्यात. दिवाळीत फटाके वाजले की अजून छातीत धडधडतं, तेव्हा मी इंजिन उघडून बसतो. कार्बोरेटरचा जेट असतो, सुईच्या टोकाएवढं भोक, त्यात एकच बारीक तार घालून कचरा काढायचा. जोर लावला तर भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिते. श्वास धरून करावं लागतं. ते झालं की हात शांत झालेला असतो.

आता ज्याच्यासाठी येत नाही ते सांगतो. खालच्या टोलीतल्या वहिनींच्या नवऱ्याला खबऱ्या ठरवून नेलं, त्या रात्री मला नाल्याच्या वळणावर उभं केलं होतं. हातात भरमार बंदूक, माझ्या उंचीची. मी काही पाहिलं नाही, ऐकलं मात्र सगळं. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, आणि वर लिहिलेलं कलम माझ्यासाठी खरं आहे. पण माझ्या वयानं वहिनींचं दुःख कमी होत नाही. बाहेर आल्यावर त्या मला बाजारात दिसल्या, पोराचं बोट धरून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं गेल्या. एक वाईट शब्द बोलल्या नाहीत. मी गावात राहिलो तर त्यांना रोज हातपंपावर माझं तोंड पाहावं लागेल. गावानं मला माफ केलं म्हणून बाबा सांगतात, पण गावानं त्यांना विचारलं होतं का? त्या बोलावतील तेव्हा मी येईन, त्यांच्या अंगणात बसेन, त्या म्हणतील ते ऐकेन. नाही बोलावलं तर नाही. तुम्ही त्यांच्याकडं माझ्यासाठी शब्द टाकायचा नाही. माय, हे खास तुला सांगतोय, भाजी द्यायच्या निमित्तानंसुद्धा नाही.

म्हणून मी येण्याऐवजी तुम्ही दोघं या. कायमचं नको असेल तर नको, धान कापून झालं की एक महिना या. बांधीची काळजी भाऊजी करतील, बोललोय त्यांच्याशी. बैलांचंही सांगितलंय.

माय, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, जाळं नाही. जिल्हा रुग्णालयात ऑपरेशन फुकट होतं, दुसऱ्या दिवशी घरी. हिरवी पट्टी बांधतात, काळा चष्मा देतात, आठवडाभर चुलीपुढं बसू देणार नाही मी तुला. सून सगळं रांधेल. बाबांची कंबर चातगावजवळ शोधग्रामच्या दवाखान्यात दाखवायची, मुंबईचे मणक्याचे डॉक्टर तिथं येतात. तारीख मी विचारून ठेवतो. ऑपरेशनच करतील असं नाही, घाबरू नका, आधी तपासतील.

बाबा, तंबाखूचा खर्रा बंद. कमी नाही, बंद. सुमन मला सांगते, पुड्या कुठं लपवता ते तिला ठाऊक आहे. माय, तुझी ती तंबाखूची गुडाखूपण. दात दुखतो म्हणून लावतेस, मग दाताच्या डॉक्टरकडंही नेतो. दुपारी शिळा भात खाऊन उन्हात जाऊ नका. रात्री अंगणात बसायचं असेल तर अंगावर घोंगडी घ्या, थंडी पडायला लागली. मच्छरदाणी बांधून ठेवलेली तशीच कोनाड्यात आहे असं ऐकलं, ती आजच लावा.

माय, ते दुसरं तू सुनेला विचारतेस ना, ते तिला विचारू नको. समोर आलीस की मी सांगतो, चांगलंच आहे.

येताना दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि मायचा जुना दवाखान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा. एसटीत मायला अर्धं तिकीट आहे, बाबांचीही पासष्टी झाली, त्यांनाही अर्धंच. कंडक्टरला आधार आधी दाखवा. सकाळच्या गाडीनं निघा, दुपारची गर्दीची असते. गाळा बसस्टँडपासून लांब नाही, तरी चालत निघू नका, उतरल्यावर तिथंच बाकावर बसा आणि सुमननं कागदावर लिहून दिलेला नंबर कोणालाही लावायला सांगा. मी गाडी घेऊन येतो. वास्ते विसरू नको.

तुमचा
बाबू