चाळीस मिनिटांचा हंगाम

मा. संपादक यांस सप्रेम नमस्कार.

आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धांच्या बातम्या आपल्या पत्रात येतात. विजेता, उपविजेता आणि विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्यांची नावे त्यांत असतात. पहिल्याच फेरीत हरून संध्याकाळच्या एसटीने परत निघालेल्या संघांबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. अमळनेर तालुक्यातील एका छोट्या महाविद्यालयात अनेक वर्षे मी शारीरिक शिक्षण संचालक होतो. निवृत्तीनंतरही संध्याकाळी मैदानावर जातो आणि मुलांचा सराव घेतो.

यंदा आमच्या संघाने दोन महिने सराव केला. मुले दिवसभर कापूस वेचून पाचच्या सुमारास येत. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी त्यांची बोटे ओरबाडलेली असत, आणि पकड करताना ती झोंबतात हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळे. मैदानावर पाणी मारणे, फक्कीने रेषा आखणे ही कामेही तीच करीत. बारा जणांची नावे पाठवली होती. प्रत्यक्ष स्पर्धेला नऊ जण येऊ शकले, कारण तिघांच्या घरी वेचणीला माणूस मिळत नव्हता. सामना मॅटवर होता आणि आमच्याकडे मॅटवर चालणारे बूट होते सातच जोड, त्यामुळे राखीव खेळाडूला उतरवायचे तर बाहेर येणाऱ्याने आधी बूट काढून द्यायचे, असे ठरले होते. पूर्वार्धात लोण बसला, म्हणजे आमचा सगळा संघ बाद झाला, उत्तरार्धात मुलांनी तो फेडला आणि शेवटी आम्ही तीन गुणांनी हरलो. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळे वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत आमचा वर्षाचा हंगाम आटोपला. तिसऱ्या वर्षाला असलेल्या चौघांचे महाविद्यालयीन खेळणे तिथेच संपले.

माझा एक माजी विद्यार्थी सध्या अमेरिकेत आयोवा राज्यात नोकरीला आहे. सुट्टीत तो गावी आला तेव्हा त्याने तिकडच्या ग्रिनेल महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची हकीकत सांगितली. मक्याच्या शेतांनी वेढलेले ते छोटे गाव आहे आणि महाविद्यालयात दोन हजारही विद्यार्थी नाहीत. एनसीएए या तिकडच्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या विभागात ते खेळते. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणजे मुले अभ्यास सांभाळून केवळ आवडीपोटी खेळतात. (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्याने अंगावर झेपावून अडवायचे, असा तो आहे. त्यामुळे कबड्डीच्या माणसाला तो लवकर उमजतो.) 2019 च्या हंगामात दहा सामने ठरलेले असताना पहिल्या तीन सामन्यांतच त्या संघात इतक्या दुखापती झाल्या की 39 पैकी 28 खेळाडूच धडधाकट उरले. अशा स्थितीत पुढे खेळणे धोक्याचे आहे असा निर्णय खेळाडूंनी स्वतः मतदान करून घेतला, महाविद्यालयाने तो मानला आणि उरलेले सात सामने सोडून दिले. आज तो संघ पुन्हा मैदानात आहे.

मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. खेळाडू कमी पडले म्हणून त्या मुलांना कोणी दूषण दिले नाही, प्रश्न उघडपणे मांडला गेला. आपल्याकडे खेळाडू पुरे पडले नाहीत तर संघापुढे ‘अनुपस्थित’ लिहिले जाते, प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळते आणि विषय तिथेच मिटतो. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. सगळे सामने हरणाऱ्या संघालाही तिकडे वर्षाला दहा सामने मिळतात, त्यांपैकी बरेच स्वतःच्या गावात, आईवडिलांच्या डोळ्यांदेखत. मिनेसोटातील मॅकॅलेस्टर महाविद्यालयाचा संघ 1974 ते 1980 या काळात सलग 50 सामने हरला आणि त्यानंतर जिंकला. आमच्या संघाला वर्षाकाठी एक या हिशेबाने तेवढे सामने मिळायलाच अर्धे शतक लागेल.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे क्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे आहे. धडगाव-मोलगीकडच्या मुलांचा सातपुडा उतरून जळगाव गाठण्यातच दिवस जातो. एवढा प्रवास करून त्यांनीही एकच सामना खेळून परतायचे का? विद्यापीठाचा संघ निवडण्यासाठी बाद पद्धत सोयीची आहे, हे मी जाणतो. ती राहू द्यावी. परंतु त्याआधी जवळजवळच्या पाच-सहा महाविद्यालयांचे गट करून साखळी सामने घ्यायला काय हरकत आहे? अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, एरंडोल ही गावे एसटीने तासा-दीड तासाच्या अंतरात आहेत. पोळा ते नवरात्र या काळात, म्हणजे वेचणीचा जोर सुरू होण्याआधी, दर शनिवारी एक सामना ठेवला तर प्रत्येक संघाला निदान चार-पाच सामने मिळतील. मॅट नसेल तिथे मातीवर खेळावे. मुलांच्या पायाला मातीचीच सवय आहे आणि बुटांचाही प्रश्न उरणार नाही. पंच म्हणून आमच्यासारखे निवृत्त लोक प्रवासखर्चावर येतील.

परवा आमच्या संघातील पहिल्या वर्षाच्या मुलाने मला विचारले, “सर, आता परत कधी खेळायचं?” मी त्याला पुढच्या वर्षीचे सांगितले आणि तो मान हलवून बोंडे वेचायला निघून गेला. परिसरातील प्राचार्यांनी आणि क्रीडा संचालकांनी मनावर घेतले तर पहिल्या वर्षीच्या सामन्यांचे वेळापत्रक करण्यापासून मैदान आखून गुणपत्रक भरण्यापर्यंतचे काम मी विनामानधन अंगावर घ्यायला तयार आहे. आपल्या पत्राद्वारे ही विनंती त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

कळावे,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक
ता. अमळनेर, जि. जळगाव