तक्रार बंद करण्याचा अधिकार ग्राहकाकडेच हवा

महोदय,

दूरध्वनी आणि इंटरनेट सेवा वारंवार खंडित होत असल्याची बातमी आपल्या कालच्या अंकात वाचली. ग्राहकांचे हाल त्या बातमीत नेमकेपणाने आले आहेत, त्याबद्दल आपल्या प्रतिनिधीचे आभार. मात्र ‘बहुतांश तक्रारींचे ठरलेल्या मुदतीत निवारण होते’ हा सेवापुरवठादारांचा खुलासा आपण एकही उलटा प्रश्न न विचारता छापला, याचे वाईट वाटले. हे निवारण कसे होते, याचा अनुभव आमच्या घराने नुकताच घेतला आहे.

आमच्याकडे फायबरची जोडणी असून घरातला दूरध्वनीही तिच्यावरच चालतो. घरात मोबाइलला धड रेंज नसल्याने मोबाइलवरचे बोलणेसुद्धा वाय-फायच्याच भरवशावर असते. गेल्या महिन्यात एके सकाळी भिंतीवरच्या पेटीतील ‘एलओएस’चा दिवा लाल लुकलुकू लागला. हा दिवा लाल होतो तेव्हा बाहेरून तारेतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचतच नसतो. तार कुठेतरी तुटलेली किंवा मुडपलेली असते आणि घरात बसून त्यावर काहीही करता येत नाही. ग्राहक सेवा केंद्राला मी पहिल्याच वाक्यात हे सांगितले. तरीही प्रत्येक वेळी मला राउटर बंद करून पुन्हा चालू करायला लावण्यात आले, आणि ते केल्याशिवाय तक्रार नोंदवून घेण्यास नकार मिळाला. रेंज फक्त गच्चीच्या जिन्यात मिळते, त्यामुळे तिथे उभे राहून बोलायचे आणि सांगतील तसे खाली येऊन बटणे दाबायची, असा तो प्रकार होता.

तक्रार क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे, कृपया सेवेला गुण द्या’ असा संदेश आला. कोणीही आले नव्हते, कोणाचा फोन नव्हता, पेटीवरचा दिवा लालच होता. पुन्हा फोन केल्यावर आधीची तक्रार ‘बंद’ दिसत असल्याने तिच्यावर पुढे काही करता येणार नाही, नवी नोंदवावी लागेल, असे उत्तर मिळाले. नव्या तक्रारीला नवा क्रमांक मिळाला, तीही तशीच बंद झाली, आणि पुन्हा तेच. याच काळात माझ्या आईची, शस्त्रक्रियेनंतरची, डॉक्टरांशी ठरलेली व्हिडिओ भेट हुकली. तिला जिने चढवत नाहीत आणि दवाखाना लांब आहे, म्हणूनच ती भेट तशी ठरवली होती. टाक्यांभोवतीची लाली वाढली आहे, ती दाखवायची होती. शेवटी शेजाऱ्यांच्या फोनवरून छायाचित्रे पाठवून कसेबसे निभावले. पण त्या दोन रात्री घरात कोणाला झोप लागली नाही, हे सेवेला गुण मागणाऱ्या त्या यंत्रणेला कसे कळणार?

अखेरीस तार जोडणारा तरुण आला तेव्हा बिघाड सापडायला त्याला फार वेळ लागला नाही. कोपऱ्यावर जलवाहिनीसाठी खोदकाम झाले होते आणि त्यात तार तुटली होती. खोदण्यापूर्वी जमिनीखालच्या तारांच्या मालकांना सूचना मिळावी, यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये एक अ‍ॅप सुरू केले आहे. त्याचा वापर होतो की नाही, हे कोणीतरी रस्त्यावर येऊन पाहायला हवे. त्या तरुणाने यंत्रात तारेची दोन टोके वितळवून जोडली, उजेड मोजून पाहिला आणि दिवा हिरवा झाला. आधीच्या तक्रारी न येताच कशा बंद झाल्या, असे विचारल्यावर तो संकोचला. मुदत उलटली की कंत्राटदाराचे पैसे कापले जातात, त्यामुळे मुदत संपायच्या आत कार्यालयातूनच तक्रार बंद केली जाते, असे त्याने सांगितले. त्या मुलावर माझा राग नाही. एवढा मोठा परिसर त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकणाऱ्यांवर आहे.

खरा संताप झाला तो पुढे, देयक हाती आल्यावर. पूर्ण महिन्याचे भाडे लावले होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2 ऑगस्ट 2024 रोजी सेवेच्या दर्जाविषयी नवे नियम जाहीर केले आणि ते 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. जिल्ह्यातली सेवा 24 तासांहून अधिक काळ बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यावी, अशी तरतूद त्यांत आहे. अख्खा जिल्हा बंद पडला तरच लागू होणारा हा नियम, एका इमारतीची तार तुटल्यावर कामाचा नाही. पण तारेवरच्या सेवेचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई मिळावी, असेही त्याच नियमांत आहे. ती मी मागितली. उत्तर आले की आमच्या नोंदीनुसार आपली प्रत्येक तक्रार मुदतीच्या आत निकाली निघाली आहे, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

महोदय, सारे दुखणे इथे आहे. बिघाड एकच, अखंड चाललेला. पण दर वेळी तक्रार बंद करून नवी नोंदवून घेतल्यामुळे कागदावर त्याचे तुकडे झाले आणि एकाही तुकड्याला तीन दिवस भरले नाहीत. दर्जाचे निकष मोडल्याबद्दलचा दंड ट्रायने 50 हजारांवरून एक लाखावर आणि पुढे 10 लाखांपर्यंत नेला, याचे स्वागतच आहे. पण निकष पाळले की मोडले हे जर कंपनीच्याच नोंदवहीवरून ठरणार असेल, तर दंड कितीही वाढवला तरी तो लागणार कसा? ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे तर निकालाला 39 दिवसांची मुदत. ग्राहक आयोगाचे दार सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 च्या निकालाने मोकळे केले, हे खरे, परंतु काही दिवसांच्या भाड्यासाठी तिथे कोण जाईल, हे कंपन्यांना पक्के ठाऊक आहे.

यावर उपाय अवघड नाही. घरपोच वस्तू आणणारा मुलगा दारात उभा राहून ओटीपी मागतो आणि तो दिल्याशिवाय वस्तू पोहोचल्याची नोंद होत नाही. दुरुस्तीची तक्रारही ग्राहकाने ओटीपी दिल्यावरच बंद व्हावी, असा नियम ट्रायने करावा. ओटीपी न घेता बंद केलेली तक्रार चालूच आहे असे मानून मुदत पहिल्या दिवसापासून मोजावी.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पूर्वीच्या तांब्याच्या तारेला वीज टेलिफोन केंद्रातून मिळत असे, त्यामुळे घरातली वीज गेली तरी दूरध्वनी चालू राहायचा. फायबरवरच्या दूरध्वनीचे तसे नाही. पेटीला घरातलीच वीज लागते, आणि ती गेली की फोन मुका होतो. जुनी तार काढून नवी जोडताना आम्हाला हे कोणी सांगितले नाही. घरात वृद्ध आणि आजारी माणसे असणाऱ्यांना ते आधी सांगून बॅटरीची सोय करून देणे सक्तीचे असायला हवे.

आपण या विषयाचा पाठपुरावा करणार असाल, तर पुढच्या वेळी किती तक्रारी मुदतीत सुटल्या हे न विचारता, तक्रार बंद झाल्यावर आठवडाभरात त्याच ग्राहकाने तीच तक्रार पुन्हा किती वेळा नोंदवली, याचा आकडा सेवापुरवठादारांकडून मागून घ्यावा आणि तो मिळाला नाही तर तसे छापावे, अशी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक