खापरपणजोबा ड्रायव्हर नव्हते रे

प्रिय बंड्या,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच हसला असतास आणि मग मलाही हसू आलं असतं, म्हणून बसून लिहितोय, चहा घेऊन वाच, जरा मोठं होणार आहे.

आमच्या घरातली ती गोष्ट तुला पाठच असेल. गणपतीत जेवायला आलास की अप्पा ट्रंकेतून तो पितळी बिल्ला काढायचे, ‘जीआयपीआर’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि खाली नंबर, आणि सुरू व्हायचे की आमच्या पणजोबांनी १८५३ साली हिंदुस्थानातली पहिली आगगाडी बोरीबंदरवरून ठाण्याला नेली. तू एकदा विचारलंस की तीन इंजिनं होती, मग त्यातलं कुठलं, तर अप्पा जराही न अडखळता म्हणाले ‘सुलतान’. साहिब, सिंध आणि सुलतान, त्यातला यांच्या वाट्याला सुलतान. लहानपणी मी हे शाळेत सांगून भाव खाल्लाय, त्यामुळे आता जे सांगतोय ते सांगताना थोडं कसंतरीच होतंय.

झालं असं की पुतण्याच्या कुणबी दाखल्यासाठी जुनी नोंद पाहिजे होती. तुला माहितीच आहे, २०२३ पासून आख्खा महाराष्ट्र हेच करतोय, गावोगावची कोतवाल बुकं, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, स्कॅन करून जिल्ह्याच्या साइटवर टाकलीत आणि मोडी वाचणाऱ्यांना लगीनघरातल्या आचाऱ्यासारखा भाव आलाय. मीही आमच्या मावळातल्या गावची पानं रोज रात्री मोबाईलवर मोठी करकरून बघायचो, कळायचं काही नाही, नुसत्या त्या एकाला एक जोडलेल्या आळ्या. शेवटी आडनाव कसं दिसतं ते एकाकडून कागदावर लिहून घेतलं आणि तेवढा एकच आकार शोधत बसलो. पाच आठवडे. बायको म्हणाली अभ्यास असा केला असतास तर कलेक्टर झाला असतास.

दोन नोंदी सापडल्या. एक १८८४ ची, अप्पांच्या आजोबांच्या जन्माची. दुसरी १८८९ ची, मृत्यूची, त्यांच्या वडिलांची म्हणजे माझ्या खापरपणजोबांची. जात, गाव सगळं लागलं, पुतण्याचं काम झालं. पण त्या दुसऱ्या नोंदीत कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ज्याला पैसे देऊन वाचायला दिलं त्याने पाच मिनिटांत निकाल लावला की हे साधू झालेले दिसतात. साधू! माझी झोप उडाली, कारण पाच वर्षांचं पोर घरात ठेवून माणूस साधू कसा होईल. मग पुण्यातल्या एका रिटायर्ड शिक्षकांकडे गेलो, त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, अहो मोडीत अनुस्वार बहुतेक वेळा देतच नाहीत, हे ‘साधेवाला’ लिहिलंय, म्हणजे सांधेवाला. पुढे ‘आगगाडीकडे, खंडाळे’. सांधेवाला रे बंड्या, पॉइंट्समन! रुळांचा सांधा बदलणारा माणूस.

आणि पुढचं वाक्य त्यांनी सहज वाचलं, वय ४०. मी रिक्षात बसल्यावर बोटांवर हिशोब केला. १८८९ मधून ४० गेले की १८४९. म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरवर तोफा वाजल्या, १४ डब्यांत ४०० पाहुणे बसले, तेव्हा आमचे सुलतानचे ड्रायव्हर चार वर्षांचे होते. वयाची नोंद अंदाजाने घातलेली असणार, पाच-सात वर्षं इकडेतिकडे धर, तरी इंजिन काही हाती येत नाही. शिवाय तेव्हा इंजिनावर गोरेच ड्रायव्हर असायचे, हे मला आधीच सुचायला हवं होतं, पण घरातल्या गोष्टीला कोण प्रश्न विचारतो.

मग मात्र मला नाद लागला. दोन दिवस रजा टाकून मुंबईला काळ्या घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात गेलो, रेल्वेचे जुने खंड मागवले. कागद इतके ठिसूळ की पान उलटताना श्वास धरावा लागतो. बोरघाटाचं, म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या घाटातल्या रेल्वेचं, सगळं आहे तिथे. इंजिनियर बर्कले, कंत्राटदार फॅव्हिएल, १८५९ मध्ये मजुरीवरून झालेला दंगा, त्यानंतर फॅव्हिएलने काम सोडलं, मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला, आणि मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते कंत्राट पुढे चालवलं. विचार कर, १८६० च्या आसपास बाई घाटाची कंत्राटदार! हिची गोष्ट आपल्याला शाळेत का नाही सांगितली कोणी.

पण आपल्या लोकांचं काय, तर नुसता आकडा. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४२ हजारांवर माणसं कामाला होती. २५ बोगदे सुरुंग लावून फोडले, कड्यावर दोरांनी लटकून भोकं पाडली, पटकीने वाड्याच्या वाड्या झोपवल्या, आणि नाव एकाचंही नाही. कंपनी कंत्राटदाराला ओळखायची, कंत्राटदार मुकादमाला आणि मुकादमाचं ते त्याच्या डोक्यात. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत रेल्वेच्या नोकरांची नावं, करार, पगार सगळं आहे म्हणून तिथला कॅटलॉगही बघितला, पण ती तिकडून नेमून पाठवलेल्यांची. त्यांचे वंशज घरबसल्या सहा पिढ्या काढतात, आणि आपल्याला मेल्यावर कुलकर्ण्याने कडेला खरडलेला एक शब्द. तोसुद्धा अनुस्वाराशिवाय. घाटात आपल्यातलं एकच नाव टिकलं, शिंग्रोबा धनगराचं, आणि त्यालाही साहेबाला वाट दाखवल्यावर गोळी घातली असं सांगतात. तू दर वेळी जुन्या रोडने जाताना खिडकीतून नाणं टाकतोस ना, तोच.

आता सांधेवाल्याचं ऐक, कारण मला वाटायचं दांडा ओढायचा, झालं काम. घाट १८६३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. त्याआधी मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत, तिथून पालखीने नाहीतर तट्टावर बसून खंडाळा, आणि पुढे परत पुण्याची गाडी. घाट झाला तरी चढ एवढा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आणि खंडाळ्याच्या खाली एके ठिकाणी वळायला जागाच नव्हती, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं होतं. गाडी सरळ येऊन कड्याच्या टोकाला थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी आल्या दिशेला उलटी निघून वरच्या रुळावर चढायची, इंग्रजी झेडसारखी. प्रत्येक गाडीला तिथे सांधा बदलायचा. रात्री, पावसात, मावळातल्या त्या धुक्यात, हातात कंदील. ते स्टेशन १९२९ मध्ये नवीन मार्ग झाल्यावर बंद पडलं. उतरणाऱ्या गाडीसाठी आजही मंकी हिलकडे कॅच साइडिंग आहे बघ, चढावर जाणारा आंधळा रूळ, सांधा कायम त्याच्याकडेच लावलेला असतो, आणि गाडी थांबून दाखवते तेव्हाच तो मेन लाइनला फिरवतात. ब्रेक गेलेली गाडी आपोआप चढावर जाऊन दमते.

हे सगळं कळल्यावर मला तर ड्रायव्हरपेक्षा सांधेवालाच आवडायला लागला. बिल्ल्याचं मात्र काही खरं नाही, जीआयपी नाव १९५१ पर्यंत होतं, तो आजोबांचाही असू शकतो, ते लोणावळ्याला रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होतेच.

अप्पांना सांगायला आठ दिवस लावले. रविवारी जेवण झाल्यावर मोडीचा कागद समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, वय, साल, सांधा. ते काही बोलले नाहीत, कागद उलटासुलटा करून बघितला आणि झोपायला गेले. मला वाटलं दुखावले. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका पेपर मागायला आले तर बाहेर आवाज ऐकू येतो, ‘ड्रायव्हर नव्हते हो ते, आम्ही रेकॉर्ड काढलं, सांधेवाले होते. पहिली गाडी सुटली ना बोरीबंदरवरून, तिचा सांधा यांनी दिला.’ मी आत गपचूप बसलो.

एक काम कर. तुझे मामा इगतपुरीला लोको शेडमध्ये होते ना, त्यांच्याकडे किंवा त्यांच्या दोस्तांकडे बोरघाटाचा, रिव्हर्सिंग स्टेशनचा एखादा जुना फोटो असला तर विचार, माणसं दिसत असतील तर फारच छान, नुसता रूळ असला तरी चालेल. आणि ऑगस्टमध्ये येशील तेव्हा एक दिवस मोकळा ठेव, कर्जतला जाऊन तिथून दुपारच्या गाडीने घाट चढू, दारात उभं राहून. वहिनींना सांग डबा मी आणतो.

तुझाच,
जाड्या