माझ्या खोकल्याविषयी

नागपूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गुंतवणूकदारांपुढे तू केलेल्या भाषणाची चित्रफीत तुझ्या भावाने मला मोबाइलवर दाखवली. तुझ्या आईने ती तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा पदराने डोळे पुसले. मी एकदाच पाहिली, कारण दुसऱ्याच मिनिटाला तू माझ्या खोकल्यावर आलीस. एसटीच्या आगारात ३३ वर्षे गाड्या दुरुस्त करणाऱ्या वडिलांचा खोकला ऐकत तू मोठी झालीस आणि त्या डिझेलच्या धुरापासून लोकांना सोडवावे म्हणून ई-रिक्षांना बॅटऱ्या भाड्याने देणारी ही कंपनी काढलीस, असे तू म्हणालीस व सभागृहात टाळ्या पडल्या. बाळ, हा खोकला विडीचा आहे. २२ वर्षे मी रोज एक बंडल ओढले, हे तुला आणि डॉक्टरांना पक्के ठाऊक आहे. धुराने थोडीफार भर घातली असेलही, परंतु विडीचा दोष डिझेलच्या माथी मारणे मला पटत नाही.

पैसे देणाऱ्या माणसाला पाच मिनिटांत उमजेल अशी एखादी गोष्ट लागते, हे मला कळते. तुझ्याजवळ खरी गोष्ट नसती तर मी गप्प बसलो असतो. ती आहे, आणि ती तू विसरलीस याचेच मला नवल वाटते.

मे २०१९ मध्ये तू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. पाऱ्याने ४५ ओलांडले होते आणि आपल्या गल्लीतले रिक्षावाले काका संध्याकाळी इतवारीकडून बंद पडलेली ई-रिक्षा ढकलत आले. या माणसाने २५ वर्षे सायकल रिक्षा ओढली होती आणि गुडघे गेले म्हणून कर्ज काढून ही बॅटरीची गाडी घेतली होती. त्याच गुडघ्यांवर ते आता तिला ढकलत होते. शेवटच्या वळणापासून तूही मागून हात लावलास. मग दारातच सीटखालची फळी काढून तू एकेका बॅटरीला मल्टिमीटर लावलास. तीन बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आसपास होत्या, चौथी साडेदहाच्याही खाली. तिची बुचे काढून विजेरीच्या उजेडात पाहिले तर आतल्या प्लेटा कोरड्या ठणठणीत आणि वर पांढरा थर. चारही एकापुढे एक जोडलेल्या, त्यामुळे एक बसली की चौघी बसल्या. दुकानदार चारच्या चार नव्या घ्या म्हणाला, आणि खरे सांगायचे तर त्यात त्याचेही फार चुकले नव्हते, कारण जुन्या तिघींत नवी एक घातली तर तीही लवकर मरते. पण आधीच्या चारांना जेमतेम १३ महिने झाले होते आणि त्यांचे हप्ते अजून चालूच होते.

तू त्यांची समजूत काढायला म्हणालीस, "काका, निदान या गाडीचा धूर तरी होत नाही." त्यावर ते काय म्हणाले ते मला अजून आठवते: "पोरी, धुराचं काय घेऊन बसली! सकाळी गाडी निघाली पायजे, बस्स."

पैसे जमेपर्यंत गाडी दारात उभी राहिली. मी तुला दिलेल्या एसटीच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानावर तू रोज एक ओळ लिहीत होतीस: 'काकांची गाडी उभी.' खाली तारीख. अशा ११ ओळी आहेत. ती डायरी अजून माळ्यावरच्या पेटीत आहे, मी काल काढून पाहिली. माझ्या मते तुझी कंपनी त्या पानावर सुरू झाली. लिथियमच्या बॅटऱ्या रोजच्या भाड्याने द्यायच्या, म्हणजे चालकावर बॅटरीचे कर्ज राहत नाही आणि ती बिघडली तर चिंता कंपनीची, ही तुझी सगळी योजना म्हणजे त्या ११ ओळींचे उत्तर आहे. आगारात आम्ही दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशोब ठेवत असू, परंतु कारागिराची अब्रू ठरायची ती सकाळी किती गाड्या उभ्या राहिल्या यावर. तेव्हा हा विषय तुला माझ्याकडूनच मिळाला असे म्हणायचे असेल तर म्हण, फक्त खोकल्यातून मिळाला असे म्हणू नकोस. काकांची गोष्ट सांगायची असेल तर आधी त्यांना विचार, आणि त्यांच्या गुडघ्यांचा फोटो पडद्यावर लावू नकोस.

दुसरे, 'शून्य प्रदूषण' हे शब्द काढून टाक. आपल्या गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, हे नागपूरच्या मुलीने तरी विसरू नये. तिथले ६६० मेगावॉटचे तीन संच कोळशावरच चालतात. मी कागदावर साधा हिशोब मांडला. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. काकांची गाडी सहा युनिटांत ८० किलोमीटर जाते असे धरले तर सव्वाचार किलो होतात. लिटरला २५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल रिक्षाला तेवढ्याच अंतराला सव्वातीन लिटर लागतील आणि एका लिटरमागे सुमारे २.३ किलो धरले तर साडेसात किलोंच्या आसपास भरतात. ई-रिक्षा हलकी असते आणि तिला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असते, त्यामुळे ही तुलना अगदी काट्याची नाही. तरीही निम्म्याच्या जवळपास बचत दिसते, आणि इतवारीच्या गर्दीत लोकांच्या नाकाशी धूर येत नाही हा फायदा वेगळा. निम्मे हे काही कमी नाही. जे आहे तेवढेच सांग, म्हणजे कोणी उलटा प्रश्न विचारला तर घाम फुटणार नाही.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे, आणि खरे तर त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. मे २०१७ मध्ये आपल्या शहरात विजेच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग सुरू झाला, तेव्हा तू नुकतीच बारावी झाली होतीस. हेतू चांगला होता, परंतु चालकांचे तासन्‌तास चार्जिंगच्या रांगेत जाऊ लागले आणि वर्ष पुरे व्हायच्या आत त्यांतले काही पुन्हा डिझेलची गाडी बरी म्हणू लागले. रांगेत उभी असलेली गाडी ही देखील उभीच गाडी. तू उतरलेली बॅटरी काढून लगेच भरलेली बसवून देण्याची पद्धत निवडलीस ती याच कारणासाठी, असे मी समजत होतो.

मग तू काकांसाठी पाठवलेले करारपत्र मी वाचले. अट क्रमांक पाच म्हणते की बॅटरीत बिघाड झाल्यास कंपनी ४८ तासांच्या आत ती बदलून देईल, आणि अट सहा म्हणते की भाडे मात्र रोजच्या रोज द्यावे लागेल. बाळ, हे कोणी लिहिले? वकिलाने लिहिले असेल तर सही करण्यापूर्वी तू वाचलेस का? ४८ तास म्हणजे डायरीतल्या दोन ओळी, आणि त्या दोन दिवसांचे भाडे काकांनी तुला द्यायचे! बदली बॅटरी त्याच दिवशी मिळाली पाहिजे, आणि नाही मिळाली तर त्या दिवसाचे भाडे माफ झाले पाहिजे. त्यासाठी जास्तीच्या बॅटऱ्या ठेवाव्या लागतील आणि पैसा अडकेल, हे मला समजते. आगारातही जास्तीच्या गाड्या ठेवाव्याच लागत. नंदनवनला तुझ्या बॅटऱ्यांच्या शेडवर माणूस मिळत नसेल तर पहाटे पाच ते नऊ मी बसेन. तसाही मी चारला उठतो. आणखी एक, दुपारी तापून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये असा फलक तिथे मोठ्या अक्षरांत लाव. पोरे ऐकत नाहीत.

तुझी आई गणपतीला ये म्हणते. अट पाच बदलून नवा कागद पाठव. आधीच्या कागदावर काकांची सही मी अजून घेतलेली नाही.

तुझे
बाबा