यकृत निकामी झालेल्या रुग्णांसाठी निधी व रक्तदानाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाचा रुग्णसाहाय्य निधी ज्यांच्या बळावर उभा आहे, त्या सराफ बाजारातील व्यापारी बंधूंचे, न बोलावता रक्तदानाला येणाऱ्या नाशिकरोडच्या प्रेस कामगारांचे, द्राक्षाचा हंगाम आटोपताच आठवणीने पाकीट पाठविणाऱ्या दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांचे आणि निवृत्तिवेतनातून दरमहा रक्कम बाजूला काढणाऱ्या शिक्षिका भगिनींचे ऋण प्रथम नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. त्यांच्यामुळे पंचवटीतील कित्येक घरांत डायलिसिस खंडित झाले नाही, याचा मंडळाला सार्थ अभिमान आहे.

आता गरज यकृताच्या रुग्णांची आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची बरी होते. परंतु क्वचित त्याच काविळीत, तसेच पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने किंवा उंदीर मारण्याच्या विषाने, धडधाकट माणसाचे यकृत काही दिवसांत निकामी होते, रक्त गोठेनासे होते आणि रुग्ण बरळत बरळत बेशुद्धीकडे जातो. अशा वेळी यकृत सावरेपर्यंत किंवा प्रत्यारोपण होईपर्यंत तग धरता यावा म्हणून तज्ज्ञ प्लाझ्मा (रक्तपेशी वगळता उरणारा रक्तातील द्रव) बदलण्याचा, म्हणजे रुग्णाचा काढून दात्यांचा देण्याचा, निर्णय घेतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १८२ रुग्णांच्या अभ्यासात हा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ४८ टक्के रुग्ण वाचून घरी गेले. त्यात सलग तीन दिवस, रोज ८ ते १२ लिटर प्लाझ्मा बदलला होता. आपल्याकडे प्रमाण सहसा कमी असते, तरी सुमारे २०० मिलीलिटरची एक पिशवी धरल्यास एका रुग्णाला किती रक्तदाते लागतात, हे ध्यानात यावे. अल्ब्युमिन डायलिसिसने (अल्ब्युमिन या प्रथिनाच्या साहाय्याने रक्त शुद्ध करण्याच्या पद्धतीने) रक्तातील विषद्रव्ये घटतात, पण जुन्या सिरोसिसचा (यकृतावर व्रण पडून ते कठीण होण्याच्या आजाराचा) रुग्ण अचानक खालावल्यास त्याने आयुष्य वाढते, असे मोठ्या चाचणीत दिसले नाही. म्हणून यकृततज्ज्ञांच्या लेखी शिफारशीविना निधी दिला जाणार नाही.

गतवर्षीच्या आवाहनास अगदी मोजका प्रतिसाद मिळाला. उत्सवाची वर्गणी आनंदाने देणाऱ्या घरांनीही पाठ फिरवली, याचे दुःख अजून आहे. नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेर उभे असताना वर्गणी गोळा करण्याइतका अवधी उरत नाही. पैसा आणि प्लाझ्मा आधीच तयार हवा.

रक्तदान शिबिर येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत मंडळाच्या कार्यालयात होईल. एबी गटाचा प्लाझ्मा सर्व गटांना चालतो, त्यामुळे या गटाच्या दात्यांनी अवश्य यावे. देणगी रोख किंवा धनादेशाने कोषाध्यक्षांकडे सायंकाळी ६ नंतर द्यावी व पावती घ्यावी.

आपला,
चिटणीस