मांडववाल्या काकांना, मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

लग्न होऊन आठवडा झाला. मुलीचे वडील आमच्याकडे, म्हणजे लग्नाची व्यवस्था बघणाऱ्यांकडे, हिशेब पुरा करायला आले, तेव्हा पैशांचं बोलण्याआधी त्यांनी तुमचीच चौकशी केली. आभार फोनवर मानता आले असते. पण सजावटीचे प्रस्ताव देणाऱ्यांनी आणि मागवणाऱ्यांनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून उघड लिहितोय.

तुमच्या आधी हे काम ज्यांनी घेतलं होतं, त्यांचा प्रस्ताव १६ पानांचा होता. सगळी चित्रंच. चित्रातली कमान १८ फूट उंच आणि कार्यालयाचं छत १४ फुटांवर. रकमेच्या जागी एकच ओळ, 'संपूर्ण सजावट'. किती फूट, कोणतं फूल, खरं की कापडाचं, काही नाही. ते एकदाही हॉलवर आले नाहीत आणि लग्नाला ११ दिवस उरले असताना त्यांनी फोन उचलणं बंद केलं. आगाऊ रक्कम घेऊन एखाद्या मुलीच्या घरच्यांना असं टांगून ठेवणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवायचाही नाही.

तुम्ही आलात ते टेप, सुतळीचा गुंडा आणि खडू घेऊन. स्टेजकडे न बघता आधी सामान येतं ते मागचं दार मोजलंत. साडेसहा फूट उंच, पुढे जिन्याचं वळण. आठ फुटी वेल्डिंगची चौकट त्या वळणावर फिरत नाही, म्हणून सगळ्या चौकटी ४ बाय ४ फुटांच्या, नटबोल्टने जोडायच्या, हे तिथेच ठरलं. हे आधी कळलं नाही की आदल्या रात्री बारा वाजता जिन्यात कटर चालवायची वेळ येते.

आणि मग तुम्ही जे केलंत, त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

तुम्ही एक प्लास्टिकची खुर्ची उचललीत, शेवटच्या रांगेत, डावीकडच्या कोपऱ्यात, हात धुण्याच्या जागेकडच्या दाराशी ठेवलीत आणि बसलात. टेप शेजारच्या खुर्चीवर. स्टेजवर तुमच्या कामावरच्या एका मुलाला बांबू धरून वेदीच्या पुढच्या खांबाच्या जागी उभं केलंत आणि म्हणालात, "इथे कोण बसतं माहितेय? मुलीची मावशीआजी. गुडघे दुखतात म्हणून दाराजवळ." तिथून बघितलं तर तो बांबू नेमका वधूवरांच्या पाटांवर येत होता. फुलं गुंडाळली की खांब १५ इंच जाड होतो, पाटावर बसलेल्या माणसाचं डोकं स्टेजपासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर असतं. म्हणजे कन्यादानापासून सप्तपदीपर्यंत त्या आजीला एक खांब दिसला असता. तुम्ही पुढचे दोन्ही खांब दीड-दीड फूट बाहेर सरकवलेत, खाली नुसता कापड गुंडाळलेला बारीक पाइप ठेवलात आणि फुलं साडेपाच फुटांच्या वर नेलीत. फोटोग्राफरच्या जागांवर खडूने दोन फुल्या मारल्यात, दोन्ही कडेला, मधे कुणी नाही.

तसेच बसल्या बसल्या तुम्ही वर बघितलंत. पंख्याकडे.

तुमच्याच हाताने लिहिलेल्या यादीत छताला कापडाची झालर होती, ४० बाय ५० फूट. रकमेत सगळ्यात जड ओळींपैकी एक. कापड पंख्यांच्या वर ताणलं तरी वाऱ्याने पोट धरतं, पात्यात अडकतं. म्हणून झालर लावली की पंखे बंद ठेवावे लागतात. मे महिना, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, माणसं ४००. शिवाय होमाचा धूर कापडाखाली कोंडतो, आणि पॉलिस्टरचं पातळ कापड आगीजवळ धोक्याचंच. यातलं काहीही समजावत न बसता तुम्ही कानामागची पेन्सिल काढलीत, ती ओळ खोडलीत आणि समासात लिहिलंत: 'पंखे चालू राहतील.'

स्वतःच्या बिलातली ओळ, काका. कुणी मागितलं नव्हतं. मुलीच्या आईला तर झालर हवीच होती. ती खोडलेली ओळ बघून त्या माऊलीचे खांदे सैल झाले, कारण ११ दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या पाहुण्यांच्या बाजूने विचार केला होता.

तुमचं दोन पानी अंदाजपत्रक आम्ही आता नमुना म्हणून वापरणार आहोत. प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ, माप, साहित्य, आणि शेजारच्या रकान्यात 'हे फूल न मिळाल्यास'. तळाशी 'यात येत नाही': जनरेटर, कार्यालयाची साफसफाई, रात्री बारानंतरची मजुरी. भांडणं होतात ती याच गोष्टींवरून, आणि त्या आधी लिहायला फार तर पाच ओळी लागतात.

फुलांचा हिशेब तर शिकण्यासारखा. झेंडूची भिंत २४ फूट, दर सहा इंचांवर एक माळ, म्हणजे ४९ माळा. आठ फुटी माळेला कलकत्ता जातीच्या झेंडूची टपोरी फुलं साधारण ८०. एकूण ३९२०. किलोला शंभरेक धरली तर ३९ किलो, तुटफुटीला आणखी सहा. पुण्याच्या गुलटेकडीच्या फूलबाजारात ४५ किलोच सांगितलीत. 'अंदाजे दोन गोणी' म्हणणाऱ्याकडे एक तर पहाटे माळा कमी पडतात, नाही तर उरलेला झेंडू मागच्या अंगणात सडतो.

आणि ती भिंत वेदीमागून हलवायला लावणारेही तुम्हीच. "विधींना मुलगी कोणत्या रंगात?" इतकंच विचारलंत. मामाकडची पिवळी साडी. पिवळ्यामागे पिवळं आलं की फोटोत मुलगी विरघळते. भिंत प्रवेशद्वारासमोर गेली, वेदीमागे निशिगंध आणि हिरवा पाला आला.

आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेली. ओला झेंडू गोणीत तसाच ठेवला की आतून तापतो आणि सकाळी काळा पडतो. तुमच्या मुलांनी न सांगता तो गोणपाटावर पातळ पसरून पंखा लावला. कार्नेशनच्या बादल्या ज्या खोलीत ठेवल्या होत्या तिथेच केटररने आमरसाच्या हापूसच्या पेट्या रचल्या, तेव्हा तुम्ही बादल्या लगेच बाहेर काढल्यात. पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनला तो मुळीच सोसत नाही, पाकळ्या आत वळून मिटतात. वरून कितीही पाणी शिंपडा, ती फुलं उघडत नाहीत. उन्हाळ्यात हे पुष्कळ ठिकाणी घडतं आणि दोष फूलवाल्याला जातो. फुलं खोचायच्या फोमच्या विटाही तशाच. घाईत पाण्यात दाबल्या की आत हवा राहते आणि मधली फुलं दोन तासांत माना टाकतात. वीट पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यायची.

विजेचं थोडक्यात: २४ दिवे १५० वॅटचे, ६ दिवे ४०० वॅटचे, मिळून ६ किलोवॅट, म्हणजे २६ अँपिअर. स्टेजच्या बोर्डाचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, १६ अँपिअरचा. तुम्ही भार तीन फेजवर, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारांवर, वाटलात, प्रत्येकी ९ च्या आत, आणि मंगलाष्टकं सुरू असताना एकदाही अंधार झाला नाही.

या धंद्यात भली माणसं आहेत, आणि त्यांचं नाव कुठे छापून येत नाही म्हणून सांगावंसं वाटतं. माळा ओवणाऱ्या बायकांचे पैसे त्याच संध्याकाळी देणारे आहेत. मुलांचं जेवण अंदाजपत्रकात वेगळं लिहिणारे आहेत, नाही तर रात्रभर शिडीवर उभी राहिलेली पोरं पंगती उठल्यावर उरलंसुरलं खातात. तुमच्या यादीत ती ओळ होती, '१४ मुलं, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता'. झालर खोडताना तिला हात लावला नाहीत.

मावशीआजी त्याच खुर्चीवर बसल्या, काका. दाराजवळ, कोपऱ्यात. अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांनी अक्षता तिथूनच टाकल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "दिसतंय गं सगळं."

तुमची टेप त्या दिवशी खुर्चीवरच राहिली होती. जपून ठेवली आहे. गुरुवारी गुलटेकडीला येतोय, तेव्हा हातात देतो.

आपले,
लग्नाच्या व्यवस्थेतले आम्ही सगळे