टेन्शन मीटर हातात देणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही हात झटकून विषय बदलला असता, म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक एकामागून एक तुटत होते, तेही चाकाच्या मधल्या हबच्या भोकापाशी वाकतात तिथेच. ज्याला विचारावं तो म्हणे, जाड स्पोक टाका. आधी स्पोकचा ताण मोजणारा मीटर लावा, असं म्हणणारे तुम्ही एकटे. चाक फिरवलं तर आउट, म्हणजे रिमचं डगमगणं, नावालाही नाही. मीटरवर मात्र एकाच बाजूच्या शेजारशेजारच्या स्पोकांत एक कडक, दुसरा जवळजवळ ढिला! ओढाताणीचा हिशेब जुळला की रिम सरळ दिसते, एवढंच. पण चाकाचा जो भाग जमिनीकडे येतो, तिथल्या स्पोकांचा ताण दर फेऱ्याला उतरतो. मुळातच ढिला असलेला स्पोक तिथे पार सैल पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसा एक दिवस जातो.

मीटर देताना तुम्ही त्याच्यासोबतच्या तक्त्यावर बोट ठेवून बजावलंत, की काट्याचा आकडा म्हणजे किलो नव्हेत. जाड स्पोक स्वतःच वाकायला विरोध करतो, त्यामुळे मीटरला तो आहे त्याहून ताणलेला वाटतो. म्हणून आधी स्पोकची जाडी मोजायची, मग तक्ता बघायचा. मधे बारीक केलेला स्पोक असेल तर मधली जाडी धरायची.

मागच्या चाकाच्या डाव्या बाजूचा ताण कमी का भरतो, यावर मी तुमचं डोकं खाल्लं होतं. चेनच्या बाजूला 110-120 किलो आणि डावीकडे साधारण निम्म्याहून थोडं जास्त, हा दोष नव्हे, हबची रचनाच तशी, हे तुम्ही न कंटाळता समजावलंत. आणि या सगळ्याच्या वर रिमवाल्याने घालून दिलेली कमाल मर्यादा.

खरं सांगू? सारखेपणा बघायला मला अजूनही बोटाने स्पोक छेडून कान लावणंच आवडतं, ते झटपट होतं. पण सगळेच स्पोक सारखे ढिले असले तर कान काय सांगणार? तिथे मीटरच हवा.

आता पुढचं चाक डिस्क ब्रेकचं बांधायचंय, म्हणजे डिस्क डावीकडे, म्हणून कडक बाजूही डावी. शनिवारी मीटर न्यायला येते, चालेल ना?

तुमची,
चाकं बांधायला शिकणारी